तोंडावरचा हात खाली घ्या, ताई

पत्र :
"ताई, नमस्कार. मी एसटीत वाहक आहे, वय ३४. ड्युटी बहुतेक लातूर–अंबाजोगाई. माझे वरचे दात लहानपणापासून पुढे. शाळेत पोरी 'दातरी' म्हणायच्या. बघायला आलेल्या दोन ठिकाणांहून त्यावरूनच नकार आला. तेव्हा वडिलांकडं पैसे नव्हते. आता स्वतःच्या पगारातून, हप्त्यानं, पाच आठवड्यांपूर्वी तारा बसवून घेतल्या. त्यासाठी चार दाढा काढाव्या लागल्या. कमी दिसाव्यात म्हणून दाताच्या रंगाच्या घेतल्या, तर आठवड्यात पिवळ्या पडल्या. भाकरी चावत नाही. गालाला आतून फोड आलेत. शिट्टी वाजवताना ओठ सोलतो. तिकीट देताना माणसं तोंडाकडंच बघतात, मग मी हात आडवा धरून बोलते. डेपोत एकजण 'तारकंपाउंड' म्हणून हाक मारतो. सासूबाई म्हणतात, 'पोरगी नऊ वर्षांची झाली अन् आईला आता नटायचं सुचलंय.' परवा तर दात हलतोय असं वाटलं, रात्रभर झोप नाही. आता येळवस आली. सगळे शेतात जेवतील आणि मी काय बघत बसू? वाटतं, काढूनच टाकाव्यात. लेकीचेही दात माझ्यासारखेच येतायत, ते बघून आणखीच कसंतरी होतं. काय करू?"
– एक वाहक, लातूर जिल्हा

ताई,

आधी त्या हलणाऱ्या दाताचं बोलू, कारण झोप त्यानं उडवलीय.

दात हाडात सिमेंटनं बसवल्यासारखा घट्ट नसतो. मूळ आणि जबड्याचं हाड यांच्यामध्ये तंतूंचं एक पातळ अस्तर असतं. तार दाताला ज्या बाजूला ढकलते, त्या बाजूचं अस्तर दाबलं जातं आणि तिथलं हाड शरीर स्वतःच थोडं थोडं विरघळवतं. मागं जी जागा मोकळी होते, तिथं नवं हाड भरत येतं. असा दात हाडातून वाट काढत सरकतो. काढलेल्या दाढेची फट बंद होताना साधारण महिन्याला एक मिलिमीटर, म्हणजे मापपट्टीवरची सगळ्यांत लहान रेघ. हे काम चालू असताना दात जरासा हलणारच. तो हलतोय याचा अर्थ इलाज लागू पडतोय. हां, एखादाच दात बाकीच्यांपेक्षा फार डुगडुगत असेल, हिरडीतून पू किंवा सारखं रक्त येत असेल, तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा. पाचव्या आठवड्यात थोडंसं हलणं मात्र अगदी नेहमीचं आहे. आज रात्री झोपा.

'या वयात' हा शब्द तुमच्या पत्रात नाही, पण ओळीओळीतून तोच ऐकू येतो. चौदाव्या वर्षी हाडात जे घडतं तेच चौतिसाव्या वर्षीही घडतं. फरक दोन आहेत. जबड्याची वाढ पूर्ण झालेली असते, त्यामुळं मोठ्या माणसात दात सरकवता येतात, जबड्याला वळण लावता येत नाही. आणि दात सरकायला सुरुवात जरा सावकाश होते. पण एक गोष्ट मोठ्या माणसाला लहानापेक्षा जास्त जपावी लागते, ती म्हणजे हिरड्या. सुजलेल्या, पू धरलेल्या हिरड्यांवर तारा ओढल्या तर दाताभोवतीचं हाड कायमचं जातं. साखरेचा आजार असेल, मिश्री लावायची सवय असेल, तर धोका आणखी वाढतो. म्हणून मिश्री असेल तर आजच बंद.

हे मी इतकं ठासून सांगते, कारण मी स्वतः चाळिशीत तारा लावल्या. पहिल्यांदा जिथं गेले, तिथं हिरड्यांना हातसुद्धा न लावता, एक्स-रे न काढता, 'आजच चिकटवून टाकू' म्हणाले. मी चप्पल घालून परत आले. दुसऱ्या डॉक्टरांनी आधी दोन महिने हिरड्यांवरच इलाज केला, मग तारेला हात घातला. तुमच्या हिरड्या सुरुवातीला कुणी तपासल्या नसतील, तर या खेपेला सांगून तपासून घ्या. बी.डी.एस. झाल्यावर आणखी तीन वर्षं दात सरळ करण्याच्याच विषयाचं शिक्षण घेऊन एम.डी.एस. झालेले डॉक्टर म्हणजे ऑर्थोडॉन्टिस्ट. तारा लावणारे तुमचे डॉक्टर ते आहेत का, हे विचारायला लाजू नका. जवळपास कुणी नसेल किंवा खर्च झेपत नसेल, तर छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे, हेही लक्षात असू द्या.

पिवळेपणाचं कोडं तर आपल्या स्वयंपाकघरातलंच आहे. दात पिवळे पडले नाहीत. दाताच्या रंगाचा तो चौकोनी तुकडा, ब्रॅकेट, तोही बहुधा पिवळा पडलेला नाही. ब्रॅकेटवर तार धरून ठेवायला जी इवलीशी पारदर्शक रबरी कडी बसवतात, तिनं वरणातली हळद शोषलीय. माझ्या तर दुसऱ्याच दिवशी आमटीनं रंगल्या होत्या. त्या कड्या दर भेटीला बदलतात. या वेळी पारदर्शक नको, राखाडी किंवा चंदेरी द्या, असं सांगा. हळद आपण काही सोडणार नाही, तेव्हा कडीच बदललेली बरी.

आता भाकरी. ज्वारीच्या भाकरीशिवाय ज्याचं पोट भरत नाही, त्याला 'मऊ खा' एवढं सांगून भागत नाही. घरी असाल तेव्हा तव्यावरून उतरलेली गरम भाकरी लगेच दुधात नाहीतर पातळ वरणात कुस्करून खा. समोरच्या दातांनी तोडायचं नाही, बोटांनी बारीक तुकडे करून मागच्या दाढांनी चावायचं. हा नियम सफरचंद, पेरू, मक्याचं कणीस, मटणाची नळी, सगळ्याला लागू. डब्यातली भाकरी मात्र दुपारपर्यंत वातड होते, ती सहा महिने विसरा. त्याऐवजी ज्वारीच्या कण्या आणि ताक न्या, मऊ खिचडी न्या, नाहीतर धपाटं दह्यात बुडवून ठेवा, जेवायच्या वेळेपर्यंत छान लुसलुशीत होतं. चुरमुऱ्यांची सुशीला जरा जास्त पाण्यात भिजवून केली तर तीही चालते, फक्त वरून शेंगदाणे नकोत. बसस्थानकावरचे फुटाणे, भाजक्या शेंगा, ऊस, बोरं यांना तारा निघेपर्यंत रामराम. एका फुटाण्यानं ब्रॅकेट उखडतो आणि इलाज काही आठवडे मागं जातो, हे मी भोगलंय.

दर भेटीनंतर दुखणं काही तासांनी सुरू होतं, दुसऱ्या दिवशी जास्त असतं आणि आठवड्याच्या आत उतरतं. म्हणून भेट वीकली ऑफच्या आदल्या संध्याकाळी ठेवा, म्हणजे ठणक्याच्या वेळी तुम्ही घरी असाल. फार दुखलं तर कोणती गोळी घ्यायची हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा, मेडिकलवाल्याला नको. माठातलं गार पाणी तोंडात धरलं तरी बरं वाटतं. सुरुवातीला जी लवचिक तार घालतात ती निकेल आणि टायटॅनियमची असते. तिच्यातल्या काही तारा तोंडाच्या उबेनं ताणतात आणि गारव्यानं सैल पडतात, त्यामुळं घटकाभर आराम मिळतो.

येळवशीचं, म्हणजे वेळ अमावास्येचं, वाचून तर मला तुम्हाला फोनच करावासा वाटला. ताई, शेतातल्या त्या जेवणात काय काय असतं ते आठवा. भज्जी, म्हणजे तुरीचे, हरभऱ्याचे, वालाचे ओले दाणे आणि भाज्या बेसनाच्या पिठात शिजून गाळ झालेल्या. बाजरीचे वाफवलेले उंडे. ताकातली आंबील. गव्हाची खीर. तारा लावलेल्या माणसासाठी वर्षातलं याहून सोयीचं पान मांडता येणार नाही! भाकरी कडक असेल तर भज्जीत बुडवा. फक्त जेवणानंतर बांधावर बसून हरभऱ्याचे घाटे दातानं सोलायचे नाहीत आणि ऊस कुणी पुढं केला तर नको म्हणायचं. शेतातल्या कडब्याच्या कोपीपुढं सगळ्यांच्या पंगतीत बसा. आंबिलीचा पहिला तांब्या तुम्ही घ्या.

गालातल्या फोडांसाठी डॉक्टरांनी मेणाची डबी दिली असेल. दिली नसेल तर मागा, स्वस्त असते. ज्वारीच्या दाण्याएवढं मेण घेऊन बोटांत मळा, टोचणारा ब्रॅकेट आधी कापसानं कोरडा करा, मग त्यावर दाबून बसवा. ओल्यावर ते टिकत नाही, बहुतेकांचं इथंच चुकतं. ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून तीन-चार वेळा गुळण्या करा. दोन-तीन आठवड्यांत गाल आणि ओठ आतून निबर होतात आणि बोचणं थांबतं. मागच्या दाढेपाशी तारेचं टोक बाहेर येऊन टोचत असेल तर मेण लावून डॉक्टरांकडं जा. डेपोच्या वर्कशॉपमध्ये पकड असते आणि मदत करणारी माणसंही असतात, पण तिथं ती तार कापून घेऊ नका. तुटलेला तुकडा घशात गेला तर मोठं संकट.

शिट्टी. गाडी मागं घेताना ती लागतेच. शिट्टी दातांत धरायची नाही, ओठांत धरायची. ड्युटीवर निघण्याआधी समोरच्या चार दातांवर मेणाचा पातळ पट्टा लावा, ओठ सोलणार नाही. चालत्या गाडीत शिट्टी तोंडात नको. अचानक ब्रेक लागला आणि ती आपटली तर ओठ ब्रॅकेटवर कापतो. गर्दीत तिकीट फाडताना एक हात दांड्याला असू द्या हे तुम्हाला मी काय सांगणार, पण आता त्याला आणखी एक कारण आहे.

यानंतर जे सांगते, ते सगळ्यांत मन लावून वाचा. तारांनी दात खराब होत नाहीत, तारांभोवती साचलेल्या अन्नानं होतात. ब्रॅकेटच्या कडेनं पांढरा थर राहिला की खालचं दाताचं कवच झिजतं. तारा निघाल्यावर दात सरळ दिसतात, पण प्रत्येकावर खडूसारखा पांढरा डाग चौकट धरून बसलेला असतो. तो पूर्ण जात नाही. दोन वर्षं सोसून शेवटी हे पदरी येऊ नये.

ड्युटीवर नळ मिळेलच असं नाही, हे मला कळतं. एक लिटरची बाटली वेगळी ठेवा, फक्त तोंडासाठी. खाल्ल्यावर, चहा प्यायल्यावरसुद्धा, दोन घोट तोंडात घेऊन जोरात खळखळ घुसळा. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं ज्या लातूरनं पाहिलं, तिथल्या बाईला पाणी पुरवून वापरायला शिकवायची गरज नाही. दोन घोट पुरतात. दुपारी जेवल्यावर ब्रश जमला तर उत्तम. बाटली धुवायच्या ब्रशसारखा दिसणारा, काडीएवढा बारीक ब्रश मेडिकलमध्ये मिळतो, इंटरडेंटल ब्रश म्हणतात. तो तारेखालून आत घालून प्रत्येक दोन ब्रॅकेटच्या मधली जागा साफ करा. बांगडीला अडकवलेली पिन त्या कामाला वापरायची नाही. सवयीनं हात तिकडं जातो, माझाही जायचा. पिनेनं हिरडी फाटते आणि कडीही निसटते.

रात्री मात्र सूट नाही. मुक्कामी गाडी असली, कितीही दमला असलात, तरी आरसा आणि दहा मिनिटं. फ्लोराइडवाली पेस्ट, मऊ ब्रश. आधी ब्रॅकेटच्या वरची कड, म्हणजे हिरडीकडची, मग खालची कड, मग चावायची बाजू, मग आतून. जीभ फिरवून बघा, काचेसारखं गुळगुळीत लागलं की झालं.

पुढं कधीतरी डॉक्टर वरच्या-खालच्या दातांत अडकवायला छोटी रबरं देतील. ती जेवणापुरती काढून बाकी सगळा वेळ घालायची असतात. तुमचे हात दिवसभर नोटांना आणि चिल्लरला लागलेले असतात. साबणानं धुतल्याशिवाय ती बोटं तोंडात घालू नका.

आता लोक.

तुम्ही लिहिलंय, हात आडवा धरून बोलते. हे वाक्य वाचून मी थांबले. ताई, तो हात तारांमुळं वर गेलेला नाही. 'दातरी' ऐकलं त्या वर्गात तो पहिल्यांदा वर गेला असेल, आणि पाहुण्यांसमोर चहाचा ट्रे ठेवतानाही गेला असेल. माझाही असाच जायचा. हसू आलं की आधी पदर तोंडाशी, मग हसू. तीस वर्षं. तारा लागल्यावर मला वाटलं, आता आणखी झाकायला हवं. मग एक दिवस बाजारात भाजीवाल्या मावशींनी विचारलं, "काय लावलंय गं माय तोंडाला?" त्यांच्या आवाजात नुसती विचारपूस होती. मी हात खाली घेतला आणि ओठ वर करून त्यांना सगळं दाखवलं. त्यांनी वाकून पाहिलं, "दुखतं का?" विचारलं आणि वांगी मापात घातली. एवढंच झालं. पण दात झाकायचे असतात हे मी त्या वांग्यांच्या पाटीपाशी सोडून आले.

तुमच्या गाडीतली माणसं बघतात, कारण आपल्याकडं चौतिशीच्या बाईच्या तोंडात तारा फारशा दिसत नाहीत. नवी गोष्ट दिसली की माणूस बघतो. तुम्ही हात धरलात की त्याला वाटतं काहीतरी लपवलंय, आणि तो जास्त बघतो. उद्यापासून एक गोष्ट करा. पहिल्या फेरीत, निदान रेणापूर येईपर्यंत, हात तोंडाशी न्यायचा नाही. एक हात तिकिटाच्या मशीनवर, दुसरा दांड्यावर. मोठ्यानं बोला. 'स', 'श', 'फ' थोडे दिवस अडखळतील. घरी लेकीचं पाठ्यपुस्तक रोज दहा मिनिटं मोठ्यानं वाचलंत तर जीभ आणि ओठ लवकर रुळतात.

'तारकंपाउंड'वाल्याला बाजूला घ्या आणि सरळ सांगा, "भाऊ, दातांचा इलाज चालू आहे. नावानं हाक मारा." सगळ्यांसमोर नको, रागानंही नको. बहुतेक माणसं तेवढ्यानं ओशाळतात. नाही ओशाळला आणि चालूच ठेवलं, तर ते चेष्टेच्या पलीकडं गेलं असं समजा आणि डेपोतल्या वरिष्ठांना लेखी द्या. बाई म्हणून ऐकून घ्यायची नोकरी तुम्ही करत नाही.

सासूबाईंचं जरा वेगळं आहे. 'नटणं' हा शब्द त्यांनी वापरला, कारण दात सरळ करणं म्हणजे रूपाचा सोस असंच त्यांनी आयुष्यभर ऐकलंय. त्यांच्याशी वाद घालू नका. एकदा त्यांना आरशासमोर शेजारी बसवून दाखवा, की पुढं आलेले दात ओठांबाहेर राहिल्यानं ठेच लागली तर आधी तेच तुटतात, आणि एकावर एक चढलेल्या दातांत अन्न अडकून कीड लागते. आणि समजा, यात थोडा दिसण्याचाही भाग आहे. असू द्या ना! स्वतःच्या कमाईतून, कुणापुढं हात न पसरता, तुम्ही स्वतःच्या चेहऱ्यासाठी काही केलं. त्याबद्दल कुणाची माफी मागायची गरज मला तरी दिसत नाही.

काढून टाकण्याचा विचार आता नकोच. चार उपदाढा, म्हणजे सुळ्यांमागच्या छोट्या दाढा, गेल्यात. या टप्प्यावर तारा काढल्या तर त्या फटी अर्ध्यातच राहतील, सरकलेले दात वेडेवाकडे मागं येतील, पैसेही जातील. दीड ते दोन वर्षं धरून चला, मोठ्या माणसात थोडं जास्तही लागतं. दर चार ते सहा आठवड्यांनी भेट असते. तुमच्यासारख्या ड्युटीत ती चुकण्याची भीती मोठी, आणि चुकलेली प्रत्येक भेट शेवटी मुदतीत भरली जाते. तेव्हा ड्युटी लावणाऱ्या साहेबांना तारखा आधीच सांगून ठेवा.

आणखी एक गोष्ट आत्ताच सांगते, म्हणजे पुढं फसवलं असं वाटणार नाही. तारा निघाल्या की रिटेनर, म्हणजे दात नव्या जागी धरून ठेवणारा साचा, मिळतो. सुरुवातीला बहुतेक वेळ आणि नंतर रोज रात्री तो घालायचा, तोही कायम, कारण दात जुन्या जागेकडं परत ओढ घेतात. तो पातळ प्लास्टिकचा असेल तर उष्णतेनं वाकडा होतो. रुमालात गुंडाळू नका, डबीतच ठेवा, आणि ती डबी असलेली बॅग एसटीच्या बॉनेटवर कधीही ठेवू नका. आपल्या मे महिन्यात त्या बॉनेटवर हात ठेववत नाही.

राहिली लेक. तिचं नववं वर्ष म्हणजे दुधाचे दात पडून पक्के येण्याचा काळ, आणि जबड्याची वाढ अजून बाकी आहे. तुमच्या वेळी जे कुणी केलं नाही, ते तिच्यासाठी वेळेत करता येईल. लगेच तारा लागतीलच असं नाही. कधी अंगठा चोखायची किंवा तोंडानं श्वास घ्यायची सवय सोडवावी लागते, कधी वाढीला वळण देणारं काढता-घालता येणारं साधन पुरतं, कधी नुसतं दर सहा महिन्यांनी बघत राहतात. तुमच्या पुढच्या तारखेला तिलाही सोबत न्या आणि त्याच डॉक्टरांकडून तपासून घ्या. शाळा एक दिवस बुडाली तरी चालेल. जाताना गाडीत तिला खिडकीशी बसवा, आणि तिनं तुमच्या तारांबद्दल काही विचारलं तर ओठ वर करून तिला सगळं दाखवा.